पारीची रिंग आणि देवाचं काम

मी रिंग बोलतेय. बोटातली नव्हे, पडद्याची नव्हे. मी कुठली ते सांगताना माझीच मान खाली जाते, पण तोंड उघडलंय तर सांगून टाकते. बाईची गर्भाची पिशवी खाली उतरते, म्हणजे बायका म्हणतात तसं अंग बाहेर येतं, तेव्हा तिला आतून आधार द्यायला डॉक्टर बसवतात ना, ती मी. तळहातावर मावेन एवढी, मऊ, दुमडली की पुन्हा गोल होणारी.

मी साच्यातून जन्मले. शेजारच्या यंत्रावर बाळांच्या दुधाच्या बाटल्यांची बुचं निघत होती. ती गोऱ्यागोमट्या बाळाचं चित्र छापलेल्या खोक्यांतून मिरवत दुकानात गेली. माझ्या पाकिटावर कसलंच चित्र नव्हतं. औषधाच्या दुकानदाराने मला आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, आणि तोंड दुसरीकडे करून दर्शनाच्या हातात दिलं. तेव्हाच मी समजले, आपला जन्म लपण्यातला आहे.

दर्शना ही पारीची लेक. रोह्याला दिलेली, तिथेच कंपनीत शिफ्टला जाते. तिच्या मुलाच्या बारशाला पारी गेली आणि बायकांत बसली ती एका बाजूला कलून, भिंतीला टेकून. लेकीच्या नजरेतून सुटलं नाही. स्वयंपाकघरात तिने आईला गाठलं.

"आये, तुला नीट बसायला काय होतं?"

"काय नाय गो. कंबर धरलीय."

"खरं सांग."

पारीने दाराकडे बघितलं. "खाली काहीतरी लोंबतं. तुझ्या भावाच्या वेळेपासून हाय. कुणाला बोलशील तर माझी शपथ हाय."

दर्शना कुणाला बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी रोह्याहून गाडीने आली आणि आईला पेणला घेऊन गेली.

डॉक्टर बाई होती, हे बरं झालं. तरी तपासताना पारीने डोळ्यांवर पदर घेतला होता. डॉक्टरने पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करून घेतली. "याआधी कधी दाखवलं होतं?" असं विचारलं.

"दुखत नाय तर कशाला दाखवायचं?" पारी पदराआडून म्हणाली.

मग डॉक्टरने सरळ भाषेत समजावलं. थोडंच उतरलं असतं तर नुसत्या व्यायामावर भागलं असतं. आता एकतर रिंग, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनमध्येसुद्धा प्रत्येकीची पिशवी काढतात असं नाही, कुणाची वर बांधून दुरुस्तही करतात. पारीने एवढंच विचारलं, ऑपरेशननंतर कामाला कधी जाता येईल. उत्तर ऐकून म्हणाली, "मग नको. गणपती तोंडावर आलेत." अशी मी तिच्या वाट्याला आले. मला घालायचं कसं, काढायचं कसं, साध्या साबणाने धुवायचं कसं, हे डॉक्टरने तिच्या हातून करून घेतलं. वजन उचलायचं नाही, तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, मध्येच रक्त दिसलं की लगेच यायचं. पारीने सगळ्याला मान डोलावली.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. पारी उकिडवी बसून भांडी घासायला लागली. खोकला आला तर खोकली. मला वाटलं, आपणही कुणाच्या उपयोगी आलो.

तिसऱ्या दिवशी ती कामाला निघाली. जिते गावात गोरखच्या गणपतीच्या कारखान्यात ती कित्येक वर्षं मूर्त्यांना पॉलिशपेपर मारते आणि मूर्त्या मांडलेली फळी दुसऱ्या बाईबरोबर धरून उन्हात नेते, आणते. तर त्या सकाळी आंघोळ करताना तिने मला काढलं, धुतलं, रिकाम्या पावडरच्या डब्यात टाकलं आणि घरातल्या फडताळात ठेवून दिलं.

का, तर देवाचं काम. पाळीच्या दिवसांत पारी कधी कारखान्याची पायरी चढली नव्हती. पाळी गेली तेव्हा तिला बरं वाटलं होतं, आता महिनाभर देवाला हात लावता येईल. आणि आता मी आले. माझ्यासकट मूर्तीला हात लावायचा, हे तिच्या मनाला पटेना. मलाही तिचं चुकलं असं वाटलं नाही, लाजच वाटली. तिच्या जागी मी असते तर मलाही मी नकोच झाले असते.

म्हणजे दिवसभर ती फळ्या उचलायची आणि मी डब्यात. संध्याकाळी वाकून, कण्हत घरी यायची, मला आत घालायची आणि आडवी व्हायची. आडव्या बाईची पिशवी कुठे पडायला बसलीय?

एके दुपारी दार धाडकन उघडलं. सरूचा आवाज होता. सरू म्हणजे कारखान्यातली तिची जोडीदारीण, फळीचं दुसरं टोक धरणारी. पारीला तिने धरून आणलं होतं. पारीला सकाळपासून लघवी होत नव्हती. पोट फुगलं होतं आणि बाहेर आलेलं अंग आत जात नव्हतं.

"डबा घे," पारी कशीबशी म्हणाली. "पावडरचा."

"मरायला टेकलीस आणि पावडर कसली लावतेस गो?" सरूने बडबडत डबा उचलला, रिक्षा बोलावली.

पेणला डॉक्टरने नळी घालून लघवी काढली, अंग हळूच वर सारलं. मग डबा उघडून माझ्याकडे बघितलं. सरूनेही बघितलं. मला झाकणाखाली परत जावंसं वाटत होतं.

"दिवसा उभी असतेस तेव्हाच हिचं काम," डॉक्टर म्हणाली. "हवं तर रात्री काढत जा. तू उलटं केलंस."

पारीने रडत रडत कारण सांगितलं. डॉक्टर कागदावर लिहायला लागली. सरूला मात्र राहवलं नाही.

"अगो पारे, गणपतीला उलटा करून त्याच्या बुडाला तू पॉलिशपेपर घासतेस. तेव्हा त्याला लाज वाटली नाय. आणि तुला आता वाटायला लागली?"

पारी रडता रडता हसली. हसताना पोट दुखलं म्हणून पुन्हा रडली.

आठवड्याने ती कामाला गेली, मी आत होते. मला तिथलं काही दिसत नाही, ऐकू मात्र येतं. पेपर घासल्याचा आवाज, पंख्याची घरघर. मग गोरखची हाक, "पारीकाकी, फळी धरा, पाऊस यील."

पारी उठली नाही. तिचं सगळं अंग आवळलं, ते मला कळलं.

"मी फळी उचलणार नाय."

"का गो काकी? रुसल्या काय?"

"माझं अंग उतरतं. आत रिंग बसवलीय. डॉक्टरनी वजन नको सांगितलंय."

सगळे पेपर थांबले. गोरखच्या तंबाखूच्या डबीचं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं. मग तो हळू आवाजात कामावरच्या एका पोराला म्हणाला, "शिवा, जा, फळी धर." आणि बाहेर निघून गेला.

पारी पुन्हा पेपर मारायला लागली. जेवणाच्या सुट्टीत रंगकाम करणारी निशिगंधा, नवीनच लग्न होऊन आलेली, तिच्याजवळ सरकली.

"काकी, ती पेणची डॉक्टर कुठल्या दिवशी असते? माझ्या सासूला दाखवायचंय."

पारी हळूच म्हणाली, "मंगळवारी. लवकर जा. नायतर थांब, मीच येते संगती."

विसर्जन झालं की पारी ऑपरेशनचं बघणार आहे. मग माझं काम संपेल, आणि मला कोण कुठे टाकेल ते मी विचारलेलं नाही. माझी लाज अजून गेलेली नाही, पारीचीही नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरातली कुणी बाई शिंकताना पाय आवळत असेल, बाहेरगावी जायचं टाळत असेल, तर तिला बाजूला घेऊन विचारा. हळू विचारा. आणि पुन्हा एकदा विचारा, कारण पहिल्यांदा ती नाही म्हणेल.