दहा बोटांचा टायपिस्ट

"परत आडकला काय रं?" हेडक्लार्क जोतीरामनं तंबाखू दाढेखाली सरकवत विचारलं.

राजरत्ननं दोनचार कळा दाबून पाहिल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर दूध संघाच्या वार्षिक अहवालाचं पान होतं आणि कर्सर लुकलुकायचा थांबला होता. कुठलीही कळ दाबा, नुसता टकटक आवाज. सकाळपासून चौथ्यांदा. त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं आणि गुडघा हलवत बसला. हल्ली हा गुडघा जेवतानाही हलायचा, ताटाला धक्का लागायचा आणि बायको अंजना न बोलता ताट जरा लांब सरकवायची.

सांगलीच्या त्या दूध संघात राजरत्न वीस वर्षं टायपिस्ट होता. मराठी टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात दुसरा आलेला. न बघता दहा बोटांनी टाइप करणारा ऑफिसात तो एकटाच. अठ्ठ्याण्णव साली त्याचा टाइपरायटर भंगारात गेला आणि संघानं मोठ्या हौसेनं लॅपटॉप घेतला. का, तर लाइट गेली तरी काम थांबू नये. लाइटीचं राहिलं बाजूला, हा गडी लाइट असतानाच हँग व्हायचा. तेही फक्त राजरत्नच्या हाताखाली. साहेबांनी चालवला, चालला. जोतीरामनं चालवला, चालला. कंपनीच्या इंजिनियरनं चहा पीत पीत तासभर चालवला, एकदाही अडकला नाही. जाताना तो कागदावर लिहून गेला, मशीन ठीक, चालवणाऱ्याची चूक.

राजरत्ननं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. व्हायरस बघितला, विंडोज पुसून नव्यानं भरलं, बॅटरी काढून पाहिली, तापत असेल म्हणून खाली दोन वह्या लावल्या. फरक शून्य.

"काई हातांचा गुनच आसतो, गड्या," जोतीराम म्हणाला. "तुजा हात लागला की बंद पडतंय, आमी लावला की चालतंय. आता ह्येला काय म्हनायचं?"

तो हसत बोलला, पण राजरत्नला हे बोलणं नवं नव्हतं. त्याच्या वडिलांनी, केरूनं, कडेगावात हे निम्मं आयुष्य ऐकलं होतं. विहिरीपाशी ऐकलं, दुसऱ्याच्या दारात ऐकलं. पोराला तरी ऐकावं लागू नये म्हणून त्यांनी त्याला टायपिंगच्या क्लासला घातला होता. राजरत्नला जोतीरामचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मशीनचा दोष त्याला दाखवता येत नव्हता.

"मशीनमदी फॉल्ट हाय, आण्णा."

"मग आमच्या हातात का गावत न्हाई?"

तीन वाजता जयराज साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. संघाची वार्षिक सभा आठ दिवसांवर आली होती.

"राजरत्न, मला अहवाल वेळेत पाहिजे. तुम्ही जतच्या गोदामाला जा. पशुखाद्याची पोती मोजून घ्यायला माणूस हवाच आहे."

"साहेब, दोन दिवस द्या."

"दोन महिने दिले की! जोतीराम, आदेश काढा."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते असं. जत लांब होतं, पण राजरत्नला अंतराची भीती नव्हती. तिथं टाइप करायला एक ओळ नव्हती. टायपिस्ट हे नाव गेलं की आपण कोण उरतो, हेच त्याला कळेना.

आदेश टाइप करायला जोतीराम बसला. राजरत्न समोरच्या बाकावर बसला, उठला, पाणी प्याला, परत बसला. जोतीराम उजव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर हुडकत होता. अर्धा तास गेला, पण मशीन काही अडकलं नाही. प्रिंटर करकरला, साहेबांची सही झाली, एक प्रत व्हरांड्यातल्या फलकावर लागली. 'मशीन हाताळता येत नसल्याने' असं कारण त्यात चक्क लिहिलं होतं.

राजरत्नची प्रत पुढं करताना जोतीरामच्या डाव्या हातात चुन्याची डबी होती. राजरत्न कागद घ्यायचं विसरून त्या डबीकडंच बघत राहिला. टाइप करतानाही ती त्याच हातात होती. साहेबांच्या डाव्या हातात फोन असतो. इंजिनियरच्या हातात कप होता. दोन्ही तळवे मशीनवर टेकवून बसणारा अख्ख्या ऑफिसात तो एकटा होता.

"आण्णा, डबी ठिवा खाली. डावा हात हितं टेकवा, कळांच्या अलीकडं. आन् दाबून धरा."

"का रं?"

"धरा तर!"

जोतीरामनं तळवा टेकवला, उजव्या बोटानं दोन अक्षरं मारली. तिसरं उमटलंच नाही. मशीन परत चालू करून साहेबांना बोलावलं, त्यांच्या तळव्याखालीही तेच झालं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरनं मशीन उघडलं. डाव्या तळव्याच्या बरोबर खाली मेमरीची पट्टी बसते, तिची खाच तडकली होती. वरून दाब आला की पट्टी सुटायची. त्यानं भाग बदलला आणि मान खाली घालून निघून गेला.

"म्या पयल्यापास्नं म्हनत हुतो, मशीनच खराब हाय," जोतीराम म्हणाला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

साहेबांनी जतचा आदेश रद्द करायला सांगितलं. जोतीरामनं खुर्ची सोडली. "घे, तूच टाइप कर."

"कारन काय घालू?"

"कारन कशाला? रद्द म्हन, झालं."

"काढताना कारन घातलं हुतं, आण्णा. रद्द करतानाबी घालतो."

त्यानं दोन्ही तळवे टेकवले. मिनिटभरात दोन प्रती साहेबांपुढं गेल्या. शेवटी लिहिलं होतं: 'मशीनमध्ये दोष होता. कर्मचाऱ्याच्या हातात नव्हता.'

साहेबांचं पेन थांबलं. "दुसरं वाक्य लागतंय का?"

"लागतंय, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग सही केली.

"आन हिकडं, फायलीला लावतो," म्हणत जोतीरामनं हात पुढं केला.

"फायलीची प्रत टेबलावर हाय," राजरत्न म्हणाला आणि व्हरांड्यात गेला. फलकावर जतचा आदेश अजून होता. त्यानं तो काढला नाही. त्याच्या शेजारी आपला कागद धरला, सरळ केला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या.