सातवं फडकं

मास्तरीणबाईंची गाडी सकाळी धुराच्या तपासणीत नापास झाली आणि दुपारी साडेतीनला वस्तादांच्या गॅरेजात परत आली. मास्तरीणबाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. गाडी जुनी, कार्बोरेटरची, पण शिकाऊ माणसांचे धसमुसळे पाय सोसणारी. तीनच दिवसांपूर्वी वस्तादांनी स्वतः तिची सर्व्हिसिंग केली होती.

"वस्ताद, आजवर किती ठोंबे शिकवून पास केले मी," बाई म्हणाल्या, "आणि नापासाचा कागद आला तो गाडीच्या नावानं. आता थट्टा पुरे. पाचला तपासणी केंद्र बंद होतं आणि जुन्या कागदाची मुदत आजच संपते. हिची उद्या सकाळी लायसन्सची परीक्षा आहे, याच गाडीवर."

'ही' म्हणजे बाईंबरोबर आलेली एक नर्स. ती बाकाच्या टोकाला बसली होती, गाडी आपल्यामुळेच नापास झाल्यासारखी.

कागदावर धुराचा आकडा होता पाच पूर्णांक दोन. चालतो तीनपर्यंत. वस्तादांनी कागद दोनदा वाचला, पण लेकीकडे पाहिलं नाही.

गॅरेज आता लेक चालवायची. गेल्या महिन्यात वस्तादांच्या हातून एका गाडीच्या चाकाचे नट सैल राहिले होते. गिऱ्हाईक खडखड ऐकून वाटेतूनच परत आलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी लेकीनं आवाज चढवला नव्हता. तेच जास्त लागलं होतं. "बाबा, एकदा झालं. पुन्हा असं काही झालं तर तुम्ही घरी बसायचं. लोकांच्या जिवाशी खेळ नको." घरी बसून वस्ताद करणार काय? घरातले सगळे नळसुद्धा त्यांनी कधीच दुरुस्त करून टाकले होते.

"टॉर्च धरा, बाबा," लेक म्हणाली.

तिनं प्लग काढले. त्यांवर काजळी धरलेली. "पेट्रोल जास्त, हवा कमी," ती पुटपुटली. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर फिल्टर कोराकरकरीत. चोक बघितला, पूर्ण उघडा. कार्बोरेटरमधला, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही जागच्या जागी. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली.

टॉर्च धरलेला हात अवघडला म्हणून वस्तादांनी तो बदलला आणि सहज भिंतीकडे नजर गेली. तिथं खिळ्यावर त्यांची फडकी टांगलेली असत. एखादी नळी काढली की तिच्या उघड्या तोंडात फडकं कोंबायचं, म्हणजे स्क्रू-बिक्रू आत पडत नाही, ही त्यांची जन्माची सवय. जुन्या चादरीची सात फडकी. ती ते रोज स्वतः धुवायचे.

खिळ्यावर सहा होती.

त्यांनी पुन्हा मोजली. सहाच.

तीन दिवसांपूर्वी फिल्टरकडे हवा नेणारी नळी त्यांनी काढली होती. तोंडात फडकं कोंबलं होतं, हे पक्कं आठवत होतं. मग कोणीतरी हाक मारली. मग नळी बसवली. मधलं काही केल्या आठवेना. ते फडक्याला घाबरले नाहीत. आठवणीतल्या या कोऱ्या जागेला घाबरले.

लेकीनं गाडी चालू केली, धूर मोजणाऱ्या मीटरची नळी सायलेन्सरमध्ये सरकवली आणि कार्बोरेटरचा छोटा स्क्रू आत फिरवायला घेतला. तो आत गेला की पेट्रोल कमी होतं. आकडा उतरू लागला. चार पूर्णांक सहा. चार पूर्णांक एक.

"अगं, किती फिरवशील?"

"मग दुसरं काय करू, ते तुम्ही सांगा!"

सांगायची वेळ हीच होती. वस्तादांनी टॉर्च आणखी जवळ धरला.

"मी केंद्रावर फोन करते, थोडं थांबतील का विचारते," असं म्हणून लेकीनं इंजिन बंद केलं आणि ती बाहेर गेली. मागोमाग बाई आणि नर्सही गेल्या.

वस्ताद एकटे उरले. क्लिप सोडायला किती वेळ लागतो? त्यांनी नळीत दोन बोटं घातली. फडकं आत खेचलं जाऊन धुळीनं काळं झालेलं, पार वळणावर बसलेलं. ओढून काढलं, पँटच्या खिशात कोंबलं, नळी बसवली. कपाळाचा घाम पुसायला हात खिशातल्या फडक्याकडेच गेला, तो त्यांनी चटकन मागे घेतला.

"पाचपर्यंत येणाऱ्यालाच घेतील, पाच मिनिटंसुद्धा वर नाही," लेक आली ती बोलतच, मागून त्या दोघी. तिनं गाडी चालू केली, स्क्रूला आणखी एक हिसका दिला. आकडा घसरला. दोन, एक, शून्य पूर्णांक तीन.

"बघा! स्क्रूच होता!"

बाईंनी टाळी वाजवली. नर्स पहिल्यांदाच हसली. मीटरकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. इंजिनाकडे कान फक्त वस्तादांचा होता. इंजिन उपाशीपोटी जिना चढणाऱ्या माणसासारखं धापा टाकत होतं. हवा कोंडलेली असताना त्या अंदाजानं लेकीनं पेट्रोल तोडलं होतं. आता हवा मोकळी झाली, पण पेट्रोल तोडलेलंच होतं. जागेवर उभी असली तर गाडी कशीबशी चालेल. क्लच सोडून जोर द्यायची वेळ आली की मरेल. आणि केंद्राच्या वाटेवर तो मोठा चौक होता, ट्रकांचा.

"चल, तूच चालव," बाई नर्सला म्हणाल्या. "उद्याची तेवढीच तयारी."

साडेचार. गाडी फाटकाशी गेली, हिसका खाऊन बंद पडली.

"क्लच हळू सोड गं!"

"हळूच सोडला, मॅडम."

"कसला हळू? चौकात असं केलंस तर मागचा आपल्याला चपटं करेल. उद्या काय दिवे लावणार आहेस तू?"

नर्सनं मान खाली घातली आणि पुन्हा किल्ली फिरवली. वस्तादांचे पाय त्यांना न विचारताच निघाले. ते गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

"तिची चूक नाही, बाई. माझी आहे."

त्यांनी खिशातून फडकं काढलं. लेक जवळ आली. फडक्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. तिला आणखी सांगावं लागलं नाही. तिला हे काम शिकवलं होतं ते त्यांनीच.

"कधी काढलंत?"

"तू फोनवर होतीस तेव्हा."

"आणि मी वर स्क्रू पिळत बसले. तुम्ही बघत होतात." तिचा आवाज चढला नाही. "या नर्सबाईला चौकात पाठवत होतात, बाबा."

वस्ताद बॉनेटसमोरून बाजूला झाले.

लेकीनं बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला आणि थबकली. "मी किती फेरे आत घातले? मोजलेच नाहीत. घाईत..."

"पावणेदोन."

तिनं वर पाहिलं.

"पावणेदोन," वस्ताद म्हणाले. "मी ऐकत होतो."

तिनं पावणेदोन फेरे मागे घेतले. इंजिनाची धाप थांबली, आवाज सलग झाला. मीटर पुन्हा लावला, तर आकडा एक पूर्णांक चारवर येऊन बसला. चार चाळीस. नर्सनं क्लच सोडला आणि गाडी हूं की चूं न करता रस्त्यावर गेली. जाताना बाईंनी वस्तादांकडे पाहिलंही नाही.

मग दोघं बाकावर बसून राहिली, मधे एका माणसाची जागा सोडून. पाच वाजले. पाच वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. लेकीनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि ठेवला.

"पास."

वस्तादांनी मान हलवली. उठून फडकं धुतलं, पिळलं, खिळ्यावर टांगलं. किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या शेजारी बाकावर ठेवला.

लेकीनं जुडगा उचलला. त्यातली गॅरेजच्या दाराची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. बाकीच्या आपल्या खिशात टाकल्या.

"यापुढे एकही बॉनेट तुम्ही लावायचं नाही. आधी सात फडकी मला मोजून दाखवायची, मग मी लावणार. गिऱ्हाइकासमोरसुद्धा."

चाळीस वर्षांत त्यांच्या हातानं लावलेलं बॉनेट कोणी पुन्हा उघडून बघितलं नव्हतं.

"मोजेन," ते म्हणाले. किल्ली घेतली. भीत भीत विचारलं, "दार उद्या साडेआठला उघडू, की नऊला?"

"आठला," लेक म्हणाली. "आणि मास्तरीणबाईंची माफी मागायला फोन तुम्ही करायचा."