ठुमक्याने ऐकलेला निरोप

भोरच्या एसटी स्टँडवर ज्यांनी लहानपणी आईचा पदर ओढत वड्यासाठी हट्ट केला असेल, ते मला विसरले नसतील. मी ठुमक्या. आनंदरावांच्या वड्याच्या दुकानापुढे नाचायचो, तोच.

खरं तर मी नुसता एक मोठा मुखवटा. चौसष्ट साली गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या चिमाजीने रद्दी भिजवून, कुटून, त्यात खळ घालून मला घडवलं. गाल फुगीर, मिशा वर वळलेल्या, डोक्यावर लाल फेटा आणि तुऱ्याच्या जागी चक्क एक बटाटेवडा. मला पाहून आनंदराव पोट धरून हसले. स्टँडवर उतरणारी माणसं सरळ पुढे निघून जात. त्यांनी दुकानाकडे वळावं म्हणून मला करून घेतलं होतं.

मला डोक्यावर घेऊन, लांब बाह्यांचा झगा घालून नाचायचा तो कुंडलिक. हिर्डोशीचा. थोडी भातखाचरं होती, त्यात भागत नव्हतं, म्हणून कामाला भोरला आलेला. लेझमीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वेल्ह्याच्या बाजारात आम्ही गेलो, की बैलांचा सौदा अर्ध्यावर सोडून माणसं पाहायला येत. पोरं तर बस सुटायला आली तरी माझा हात सोडत नसत.

आनंदरावांची एक अट होती. ठुमक्याने बोलायचं नाही आणि आत कोण आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. कुंडलिकला ही अट फार सोयीची वाटली. कारण त्याने घरी सांगितलं होतं, की तो दुकानात गल्ल्यावर बसतो. त्याच्या बायकोने, साळूबाईने, ते अभिमानाने साऱ्या गावात सांगितलं होतं.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. कुंडलिकचा मेहुणा सोनबा दुकानात आला. त्याच्याबरोबर कुंडलिकची आठ वर्षांची मुलगी रतन होती.

"दाजी कुठं हायेत?" सोनबाने विचारलं.

"बाहेर गेलेत," आचाऱ्याने ठरलेलं उत्तर दिलं.

सोनबा औषध आणायला पेठेत गेला. रतनला त्याने दुकानाच्या पायरीवर बसवलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग उठून जवळ आली आणि माझी बाही ओढली. कुंडलिक खाली वाकला. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ठुमक्या, तू हितं समद्यास्नी वळकतोस ना? माझ्या आबाला सांग, आयला लई ताप हाय. ती सारखी त्येंचंच नाव घेती. आजच्या गाडीनं या म्हणावं. सांगशील?"

कुंडलिकने मान हलवली. मी त्याच्या डोक्यावर होतो, म्हणजे मीच होकार दिला. रतनचा चेहरा उजळला.

तेवढ्यात सोनबा परत आला. हिर्डोशीची गाडी समोरच उभी होती, दिवसातली शेवटची. कुंडलिकने मला काढण्यासाठी दोन्ही हात वर नेले. मग त्याची नजर सोनबाकडे गेली, आणि हात तसेच राहिले. गाडीने धूळ उडवली. खिडकीतून रतन मला हात करत होती.

"नाच की रं, ठुमक्या!" भोवतीची पोरं ओरडली.

आणि तो नाचला.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो गावी गेला. साळूबाई पहाटेच गेली होती. "निरोप पोचला न्हाई गं बाई," असं म्हणत बायका रतनला पोटाशी धरत होत्या. कुंडलिकने ते ऐकलं आणि तो गप्प राहिला. पंधरा दिवसांनी परत आल्यावर मला हातात घेऊन त्याने एकांतात हे सगळं मलाच सांगितलं. मग तो आनंदरावांकडे गेला. "मालक, ह्ये आता माझ्यानं व्हायचं न्हाई," म्हणाला. आनंदराव भले गृहस्थ. बायकोच्या दुःखाने खचला असेल, असं समजून त्यांनी त्याला खरोखरच गल्ल्यावर बसवलं. मला दुकानाच्या माळ्यावर टाकलं.

दहा वर्षं मी तिथे पडून होतो. खालून आवाज यायचे. "काय हो, तुमचा तो ठुमक्या कुठं गेला?" असं मोठी झालेली पोरं विचारायची. रतन शिकायला भोरला आली आणि बापाजवळ राहू लागली, तेही मी वरूनच ऐकलं.

सत्याहत्तर साली आनंदरावांच्या पुतण्याने पुण्यात 'ठुमक्या चिवडा' काढला आणि त्याची जाहिरात टीव्हीवर आणली. त्या संध्याकाळी आनंदरावांनी दुकानात टीव्हीचा सेट मांडला. मलाही खाली काढून, पुसून, सेटशेजारी ठेवलं. सगळी पेठ लोटली. पडद्यावर माझ्यासारखाच एकजण उड्या मारत गाणं म्हणत होता. माणसं हरखली, पण मागून कुणी तरी म्हणालं, "आपल्या लहानपणीच्या ठुमक्याची सर न्हाई बुवा ह्याला."

रतन आता अठरा वर्षांची होती. तिने माझ्या गालावर थाप मारली. "ह्याला म्या एकदा निरोप सांगितला व्हता. मान हलवली नुसती. पोचवला न्हाई गुलामानं!"

सगळे हसले. ती स्वतःही हसत होती. गल्ल्यावरून कुंडलिक उठला.

"पोचला व्हता, रतन."

"काय?"

"निरोप. आतमदी म्याच व्हतो."

हसणं हळूहळू थांबलं. टीव्ही चालूच होता.

"मग गाडीत का बसला न्हाई, आबा?"

"सोनबा व्हता. ह्ये डोक्यावरनं काढायची लाज वाटली."

रतनने त्याच्याकडे पाहिलं. मग ती गर्दीतून वाट काढत निघून गेली. सकाळच्या गाडीने ती हिर्डोशीला मामाकडे गेली, ती तिथेच राहिली.

महिनाभराने कुंडलिक मला पोत्यात घालून गावी घेऊन गेला. सोनबाच्या अंगणात त्याने मला बाहेर काढलं आणि चार माणसांदेखत त्या दिवशीचं सगळं सांगितलं.

"आवं दाजी," सोनबा म्हणाला, "नाचत व्हता तर नाचत व्हता. आमी काय म्हणलो असतो? साळू तर हसून हसून लोळली असती."

हे ऐकल्यावर कुंडलिक खाली बसला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. रतन दारात उभी होती. तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि परत आत गेली.

मला तिथेच ठेवून तो भोरला गेला. पुढच्याच हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. रतन त्याच्याजवळ जाऊन राहिली, शेवटपर्यंत तिने त्याचं केलं. पण साळूबाईचा विषय दोघांनीही काढला नाही, असं त्याच्यामागे मामाकडे परतल्यावर ती मामीला सांगत होती.

आता मी सोनबाच्या घरात भाताच्या कणगीशेजारी असतो. माझा एक कान उंदरांनी नेला. फेट्याचा रंग उडाला. मध्ये आनंदरावांच्या पुतण्याचा माणूस आला होता, मला पुण्याच्या दुकानात काचेत ठेवायचं म्हणत होता. रतनने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. ज्यांनी माझ्यावर जीव लावला, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मला शोधू नका. लहानपणी जसा पाहिलात तसाच राहू द्या.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. रतनने मला उचललं, धूळ झटकली आणि डोक्यावर घातलं. किती तरी वेळ ती तशीच भिंतीला टेकून बसली होती. मग आतल्या आत, अगदी हळू, म्हणाली,

"आबा, लई उकडतं वं ह्यात."