डोंगराची वाटणी

आमच्या विल्यासोर्दा गावात चढ एकच आहे आणि तोही रेल्वेने बांधलेला. रुळांवरून जाणारा पूल, उंची सात मीटर. बाकी पालेन्सियाचा हा मुलूख इतका सपाट की टेबलावरून पडलेला ऑलिव्ह कुठे घरंगळावं ते न कळून जागीच बसून राहतो. गावाच्या मधोमध संत सांतियागोच्या समाधीकडे जाणारी यात्रेची वाट आहे. हजारएक वर्षं यात्रेकरू येतात, पाणी मागतात, आमच्या बारमध्ये यात्रापुस्तिकेवर शिक्का मारून घेतात आणि मावळतीकडे चालू लागतात. गावातलं कोणी त्यांच्या मागून गेल्याची नोंद नाही. घरदार सोडून जाणाऱ्यांकडे आम्ही जरा संशयानेच बघतो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नोव्हेंबरात कासिल्दाकाकूंच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. त्यांचे यजमान रेमीखिओकाका इस्पितळाच्या बाकावर सहा तास बसले. पाचव्या तासाला त्यांनी संत सांतियागोला नवस बोलला: ही वाचली तर जुलैतल्या तुझ्या सणाआधी सायकलवरून तुझ्या पायाशी येईन. सायकलवरूनच का, तर काका गावच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष, आणि संकटात माणसाच्या तोंडून आधी हुद्दा बोलतो. या मंडळाची वार्षिक मोहीम म्हणजे शेजारच्या गावातल्या बारपर्यंत अकरा किलोमीटर. परतताना ओनोफ्रे खाटकाची गाडी.

काकू वाचल्या. इतक्या खणखणीत वाचल्या की फेब्रुवारीपासून रोज विचारू लागल्या, "कधी निघतोयस?"

"नियोजन चाललंय अगं."

"डॉक्टरांनी माझं नुसतं नियोजनच केलं असतं म्हणजे?"

काका टोपी घालून बारमध्ये यायचे. नियोजन तिथेच चालायचं, दर गुरुवारी दुपारी बाराला. मंडळाचे सभासद पाच: काका, ओनोफ्रे, निवृत्त पोस्टमन एउलोखिओ, औषधवाल्या दोमितीलाबाई आणि मी. मी, तेल्मो, बारवाल्याचा मुलगा; माझ्याकडे सायकल नाही. पण गणपूर्तीला पाच लागतात आणि मी तसाही तिथे ग्लास पुसत असतोच. एउलोखिओ चिटणीस. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटल्यावर आता त्याला स्वतः लिहायचं होतं. तो सगळंच लिहायचा. 'ओनोफ्रे यांनी शिंक दिली. सभेने दखल घेतली.'

पहिल्या सभेत अंतर ठरलं: सव्वाचारशे किलोमीटर. हे यात्रेकरूंच्या पुस्तकात छापलेलं होतं, तरी मतदान घेतलं. दुसऱ्या सभेत रोजचा कार्यक्रम. अकराच्या आधी निघायचं नाही, कारण कॉफी. एकला थांबायचं, कारण जेवणाआधीचा वर्मूथ. अडीचला जेवण, तीन पदार्थांचं, वाइनसकट. मग साडेपाचपर्यंत डुलकी. मग सातपर्यंत ऊन.

दोमितीलाबाईंनी औषधाच्या पाकिटावर हिशोब मांडला. "मुक्काम आणि संध्याकाळची वाइन धरून दिवसाला प्रत्यक्ष सायकल दोन तास दहा मिनिटं होते."

"एवढी?" ओनोफ्रे म्हणाला.

तिसऱ्या सभेत नातेवाईक निघाले. ओनोफ्रेचा चुलतभाऊ साहागूनला, त्याच्याकडचं कोकरू खाल्ल्याशिवाय पुढे गेलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. एउलोखिओची मेहुणी लेओनला, तिच्याकडे गेलं तर दोन पिढ्या बोलणं बंद, म्हणून शहराला वळसा. असं करत करत मे महिन्यापर्यंत दहा दिवसांची यात्रा एकोणचाळीस दिवसांची झाली. सण पंचवीस जुलैला. म्हणजे जूनच्या मध्यावर निघायला हवं होतं. तो विषय जूनच्या शेवटच्या सभेसाठी ठेवला.

आणि खरा विषय राहिलाच होता. डोंगर. आमच्याकडून जाणारा प्रत्येक यात्रेकरू ग्लास खाली ठेवताना एकच नाव घेतो: सेब्रेइरो. गालिसिया प्रांताच्या वेशीवरचा चढ. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटर. काकांनी आयुष्यात सात मीटरच्या वरचा चढ पाहिला नव्हता. हे ते कोणाला सांगत नव्हते, पण सेब्रेइरोचं नाव निघालं की त्यांची बोटं उगाच कपाच्या कानाशी खेळायची.

तोडगा एउलोखिओने काढला. "सहाशे भागिले सात. पंच्याऐंशी आणि वर थोडं. शहाऐंशी वेळा पूल चढलो की सेब्रेइरो झाला. सरावाला उत्तम."

"शहाऐंशी?" काका म्हणाले.

"आपण पाच जण आहोत," ओनोफ्रे म्हणाला. त्याने आयुष्यभर बैल कापून वाटे घातलेले. "सतरा सतरा येतात. वरचा एक अध्यक्षांना."

मी म्हणालो माझ्याकडे सायकल नाही. तेल्मोने चालत करावं असं ठरलं. मी चालत केलं. दोमितीलाबाईंनी चार दिवसांत सतरा फेऱ्या पुऱ्या केल्या, ओनोफ्रेने गाडीच्या टपाला धरून. पुलाखालून जाणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरने आम्हाला भोंगा दिला, तीही नोंद आहे. जुलैच्या पहिल्या गुरुवारी एउलोखिओने उभं राहून ठराव वाचला: 'मंडळाने सेब्रेइरो डोंगर सर केला आहे. सबब यात्रेत तो पुन्हा चढण्याचे प्रयोजन उरत नाही. तेथे सभासद ओनोफ्रे यांच्या गाडीने जातील.' ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनी सगळ्यांना वर्मूथ पाजला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले होते.

घरी जाऊन त्यांनी हे काकूंना सांगितलं. अर्ध्या तासात काकू बारमध्ये. त्या बसल्या नाहीत.

"डोंगर वाटून घेतला म्हणे."

"सरासरीने, कासिल्दा," एउलोखिओ म्हणाला.

"माझी छाती फाडली ती सरासरीने नाही फाडली. सबंध माझीच फाडली."

 एउलोखिओची लेखणी थांबली.

काका मागोमाग आले होते. ते म्हणाले आपण पाद्रीबाबांना विचारू. पाद्री एउतिमिओ कोपऱ्यातच पत्ते खेळत बसलेले. त्यांनी हातातले पत्ते उलटे ठेवले आणि विचार केला. "माझा अधिकार पापांपुरता आहे, बाबा," ते म्हणाले. "चढांचं मला काही कळत नाही. पण नवस तू एकट्याने बोललास ना?"

"बाकावर मी एकटाच होतो."

"मग झालं," म्हणून पाद्रीबाबांनी बदाम टाकला आणि डाव हरले.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी काका एकटे पुलावर गेले. सबंध शहाऐंशी फेऱ्या स्वतः मारायच्या, म्हणजे निदान सेब्रेइरो तरी इथल्या इथे प्रामाणिकपणे फिटेल, बाकीचं गाडीने. काकूंनी घडीची खुर्ची पुलाच्या पायथ्याशी मांडली आणि मटार सोलत मोजायला बसल्या. मी काकांच्या पाण्याची बाटली भरायला.

"नऊ," काकू म्हणायच्या. "दहा. पाय लावलास, ती धरत नाही. दहा."

"मटार सोल ना तू."

"तेच करतेय. दहा."

तिसाव्या फेरीला काकांचा चेहरा आमच्या गावच्या विटांसारखा लाल झाला होता. एकतिसाव्याला ते वर गेले, पलीकडे उतरले आणि परत आले नाहीत. काकू म्हणाल्या आडोशाला गेला असेल. वाटीभर मटार झाले. मी पुलावर जाऊन बघितलं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना गहू कापून गेलेली शेतं, आणि लांब एक पिवळा ठिपका, मावळतीकडे.

"निघाले ते," मी वरून सांगितलं.

काकूंनी खुर्ची मिटली. मला वाटलं आता त्या रागावतील. त्या घरी गेल्या आणि वीस मिनिटांत सायकलला लावायच्या दोन पिशव्या भरून आणल्या: कपडे, गोळ्या, फोन, कोरी यात्रापुस्तिका. पिशव्या इतक्या नीट भरलेल्या होत्या की ते वीस मिनिटांचं काम नव्हतं. बहुतेक फेब्रुवारीत भरलेल्या होत्या.

"ओनोफ्रेची गाडी घे. हे दे तुझ्या काकाला. आणि त्याला गाडीत घेतलंस तर तू परत येऊ नकोस."

काका मला पुढच्या कार्रियोन गावात सापडले, एका खाणावळीत मसुराच्या आमटीपुढे. मला बघून त्यांना बरं वाटलं.

"बरं झालं आलास, तेल्मो. जेवतो आणि सायकल गाडीत टाकू."

"पण निघालात कशाला?"

"वळायचा कंटाळा आला रे. पुलापलीकडे वळायला जागा फार अरुंद आहे. म्हटलं पुढे रुंद असेल."

मी पिशव्या टेबलाशेजारी ठेवल्या. त्यांनी एक उघडली, सगळ्यात वरची गोळ्यांची डबी बघितली. सोमवार, मंगळवार अशा खणांत गोळ्या लावलेल्या होत्या. चोवीस तारखेपर्यंत. त्यापुढचे खण रिकामे.

"ही काही म्हणाली?"

"तुम्हाला गाडीत घ्यायचं नाही म्हणाल्या."

काकांनी आमटी संपवली, पावाने ताट पुसलं आणि पिशव्या सायकलला लावायला उठले. दुसरा पदार्थ मागवला नाही, हे मी नंतर सभेत सांगितलं तेव्हा ओनोफ्रेला खरं वाटलं नाही.

त्या गुरुवारी सभा झाली. अध्यक्ष गैरहजर, गणपूर्ती नाही, म्हणून गणपूर्ती नसल्याचं मान्य करायलासुद्धा गणपूर्ती नव्हती. आम्ही वर्मूथ घेतला.

रविवारी दुपारी बारचा फोन वाजला. काकू मोबाइल वापरत नाहीत, त्यामुळे त्या आठवडाभर आमच्याकडेच, काउंटरच्या कडेला. मी फोन त्यांना दिला, पण काका इतके मोठ्याने बोलत होते की सगळ्या बारने ऐकलं.

"चढलो. अगं, चढलो. तीन तास लागले. अर्धा सायकलवर, अर्धा सायकल हातात धरून, पण सोबत होती ती. वर एक खांब आहे, त्यावर लोखंडी क्रूस, आणि खाली लोकांनी आणून टाकलेले दगड. सेब्रेइरो झाला."

एउलोखिओने यात्रेकरूंचं पुस्तक उघडलं. मग चष्मा लावला. मग माझ्याकडे पुस्तक सरकवलं. लोखंडी क्रूस सेब्रेइरोवर नव्हता. तो त्याच्या आधीच्या डोंगरावर होता. पंधराशे मीटर उंचीवर, सेब्रेइरोहूनही वर. पाच महिन्यांत, वीस सभांत हे पान कोणी उलटलं नव्हतं, कारण त्या डोंगरावर कोणाचे नातेवाईक नव्हते.

"काका," मी फोन घेऊन म्हणालो, "तो सेब्रेइरो नाही. सेब्रेइरो अजून दोन दिवसांवर आहे."



"मग हा कोण?"

"हा इतिवृत्तात नाही," मी म्हणालो.

"म्हणजे मी एक डोंगर फुकट चढलो?"

"फुकट कसा? मोठा हाच आहे. पुढचा याच्याहून ठेंगणा."

"किती?"

"दोनशे मीटर," मी म्हणालो. पायथा किती खाली आहे ते मी सांगितलं नाही.

काकूंनी फोन परत घेतला. मला वाटलं टोमणा मारतील. त्यांनी विचारलं, "रविवारचा खण रिकामा केलास का?"

"केला."

"मग उतर आता. ब्रेक सांभाळून."

सेब्रेइरोवरून काकांनी फोन केला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. काकू काउंटरशी यायच्या, कॉफी मागवायच्या, ती गार व्हायची. यात्रेकरूंना त्या स्वतःच शिक्के मारू लागल्या आणि प्रत्येकाला विचारायच्या सायकलवाले दिसले का. यात्रेकरू उगवतीकडून आलेले, त्यांना काय दिसणार? पण त्या विचारायच्या. ओनोफ्रे म्हणाला गाडी काढू का. त्यांनी नाही म्हटलं, पण लगेच नाही.

चोवीस तारखेला दुपारी फोन वाजला. काकूंनीच उचलला.

"पोचलो," काकांचा आवाज आला. या वेळी हळू, सगळ्यांना कान द्यावा लागला. "सेब्रेइरोकडे मी आधी बघितलंच नाही. खाली मान घालून चढलो. वर गेल्यावर विचारलं, हाच का? तर हो म्हणाले."

"संताला भेटलास?"

"मूर्तीला मागून मिठी मारायची असते. रांग आहे. चर्चच्या दरवाजापासून पार चौकाबाहेरपर्यंत. तीन तास तरी. अगं, पाय नाहीत मला आता."

बारमधली निम्मी स्टुलं रिकामी होती. काकूंनी एका हाताने काउंटरची कड धरली होती, दुसरा हात ब्लाउजवर, टाके होते तिथे.

"रांगेत उभा राहा," त्या म्हणाल्या. "मीपण उभीच आहे."