शेकरच्या झाकणातला वास

मालनबाईंच्या फळीवर नातवंडांच्या पेन्सिली पोटात घेऊन उभा असलेला तो उंच चकचकीत डबा म्हणजे मीच. मित्रांनो, येणारेजाणारे मला थर्मास समजतात. एका हुशार मुलानं तर मला बॉम्बगोळा ठरवून टाकलं. खरं म्हणजे मी एक जुना शेकर आहे. खाली पेला, वर गच्च बसणारं झाकण, झाकणात गाळणी. माझ्यात बर्फ आणि पेयं घालून मला खुळखुळ्यासारखं हलवतात. कोणती पेयं, हे सांगायला लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. माझे पहिले मालक सर्जेराव, गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक. कारखान्याच्या कामाला मुंबईला आले, काम झालं नाही, म्हणून संध्याकाळी इंग्रजी सिनेमाला जाऊन बसले. सिनेमात एक गुप्तहेर होता. काळा कोट, केसांचा भांग जागच्या जागी. मागून गोळ्या सुटल्या तरी त्याच्या हातातला पेला हिंदकळत नसे. जेवताना त्याचं पेय वेगळं, जुगाराच्या टेबलावर वेगळं. शत्रूनं पुढं केलेला पेलाही तो हसून घ्यायचा. बर्फ, दोन तऱ्हेची दारू, लिंबाची साल, तळाशी एक हिरवं फळ, आणि हे सगळं हलवायला माझ्यासारखा एक शेकर. सर्जेरावांना त्यातलं इंग्रजी अक्षरभर कळलं नाही; पेय मात्र पहिल्या झटक्यात कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिशवीत होतो.

ते हिरवं फळ बीड जिल्ह्यात मिळत नाही. सर्जेरावांनी त्या जागी लोणच्यातलं भोकर घातलं. दुसरी कडू दारूही मिळेना, तिथं ओव्याचा अर्क आला. कारखान्याच्या गेस्ट हाउसात संचालक मंडळ जमलं की सर्जेराव कोट चढवून मला कानाजवळ धरायचे आणि हलवायचे. मंडळी घोट घेऊन "एकदम विलायती" म्हणायची आणि ओव्याचे ढेकर द्यायची. मला भारी अभिमान वाटे.

मग बहात्तर साल आलं. ऊस करपला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. गेस्ट हाउस तेवढं चालू राहिलं. कारखान्याचा जीपवाला मैनुद्दीन बीडहून बर्फाची लादी आणायचा, भुशात घोळवून, गोणपाटात गुंडाळून.

उमापूरच्या रस्त्याला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. एके दिवशी जीप तिथून चालली असताना मागून गोणपाट ठिबकत होतं. माती वाहणाऱ्या बाया पाट्या टाकून जीपमागं धावल्या आणि त्या ठिबक्याखाली त्यांनी ओंजळी धरल्या. सर्जेराव पुढच्या सीटवर होते. त्यांनी आरशातून पाहिलं. त्या संध्याकाळी कोट चढला, पण मला हलवायला हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कामावर धाडलं. "टँकरच्या पाण्यात गाळ असतो. ह्याला गाळणी हाय, मजुरांना गाळून पाजा," एवढाच निरोप. मी कोण, ते सांगितलं नाही. त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं. बर्फ काही बंद झाला नाही. ते आता पितळी तांब्यात हलवू लागले.

कामावर पाणी पाजायला मालनबाई होत्या, बौद्धवाड्यातल्या. सरकारी कामावर शिवाशीव नव्हती. फक्त मजुरांतल्या शहादेवआबांना तहान लागत नसे. आबा माळकरी, नारायणगडाचे भक्त. घरून पाण्याची कळशी आणत आणि सावलीत झाकून ठेवत. मग घरचा आड आटला, कळशी रिकामी झाली, तरी आबांना तहान नाहीच. एका दुपारी भोवळ येऊन ते चरात कोसळले.

मालनबाईंनी मला भरलं, झाकण लावलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "आबा, सर्जेराव मालकाकडचं भांडं हाय. वरून झाकण हाय. घ्या आता."

मालकाच्या भांड्याला काही होत नाही, असा निवाडा करून आबा गटागटा प्याले. "वास लई भारी हाय," ते म्हणाले, "गडावरच्या तीर्थावानी."

मित्रांनो, तो ओवा होता. आणि ओव्याच्या मागं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तोंड होतं, पण बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून आबा रोज माझ्यातूनच पीत आणि सर्जेरावांना दुवा देत. त्यांचं ऐकून बायाही देऊ लागल्या. सर्जेराव पाहणीला आले, की दुवा ऐकून बुटांकडं बघत आणि घाईनं जीपमध्ये जाऊन बसत.

असेच एकदा ते निघाले, तर जीपचं इंजिन तापलं. मैनुद्दीन पाणी मागायला रांजणाजवळ आला. आबांनी मला नुकतंच तोंडाला लावलं होतं. जुना ओळखीचा भेटावा तसा मैनुद्दीन हसला.

"अरे, हे हितं कवा आलं? ह्येच्यात तर सायेब दारू हलवत होते."

सगळं काम थांबलं. आबांच्या तोंडात घोट होता. माळकऱ्यानं तो गिळायचा कसा, आणि असल्या दुष्काळात पाणी थुंकायचं तरी कसं? सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. आबांनी एका हातानं माळ धरली आणि घोट गिळला.

"मालक, खरं हाय का?"

"आबा, चांगलं धुवून दिलतं."

"इचारलं ते सांगा."

"खरं हाय," सर्जेराव म्हणाले.

"मंग कावून सांगितलं न्हाई?"

"लाज वाटली."

आबा मालनबाईंकडं वळले. "तुला ठावं होतं का गं?"

"न्हाई आबा. ठावं असतं तरी पाजलं असतं. तुमी चरात पडलावता."

आबांनी मला हातात फिरवून पाहिलं. "रोज दारूचं भांडं तोंडाला लावलं, माळंला काय झालं न्हाई. मंग तुझ्या हातच्या पाण्यानं काय होणार होतं?"

"ते तुमच्या आडाला पाणी होतं तवा इचारायचं होतं," मालनबाई म्हणाल्या.

आबांनी मला खाली ठेवलं. ते मालनबाईंपुढं उकिडवे बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून वर धरली. मालनबाईंच्या सासऱ्यांना आबांच्या त्याच आडावर तसं बसावं लागे. तेव्हा पाणी वरून ओतायला आबाच असत.

मालनबाईंनी पाणी ओतलं नाही. "ओंजळ नगं आबा. कोपरावरनं सांडतं. आमाला माहीत हाय." त्यांनी स्वतःचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तांब्या भरून आबांच्या हातात दिला. आबा प्याले. त्या पाण्याला कसलाच वास नव्हता.

सर्जेरावांनी जीपमधली बर्फाची लादी उतरवून रांजणात टाकायला लावली आणि ती विरघळेपर्यंत मान खाली घालून तिथंच उभे राहिले. त्या दिवशी त्यांना कोणी दुवा दिली नाही. त्यांनी मला परतही मागितलं नाही; मी मालनबाईंकडंच राहिलो. आबा पायी गडावर जाऊन आले. प्रायश्चित्त कशाचं घेतलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मालनबाईंनीही विचारलं नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला अडगळीत टाकू नका. चिंच लावून घासा आणि झाकणाच्या खाचेतही बोट घाला, वास तिथंच दडून बसतो. एकदा घासून तो जात नाही. पुन्हा पुन्हा घासावं लागतं.