वैभवीसाठी कुरडया

गावाला जायचं असेल तर नागपुरात कुणाला सांगू नये. चोरासारखं निघावं आणि चोरासारखं परत यावं. हे शहाणपण मला साठी उलटून गेल्यावर आलं, आणि आता त्याचा उपयोगही नाही. आम्हाला जायचं ते एकच ठिकाण होतं, आणि तिथं आम्ही जाऊन आलो. जाऊन आलो म्हणजे कसं, तेच सांगतो.

तुम्ही सांगितलं की लोक आधी गावाचं नाव विचारतात. गाव कुठलंही असो, तिथं त्यांचं कुणीतरी असतंच. मग संध्याकाळपासून दारात पिशव्या यायला लागतात. पुण्याला जाणाऱ्याजवळ लोणचं, हैदराबादला जाणाऱ्याजवळ संत्रा बर्फी, भोपाळला जाणाऱ्याजवळ भिवापुरी तिखट. अरे, कुरिअर नावाची एक गोष्ट निघाली आहे जगात! पण नाही. "तुम्ही चाललेच आहा ना भाऊ," एवढं म्हटलं की झालं. या एका वाक्यावर आमच्या प्रताप नगरातली अर्धी लोणची देशभर फुकटात फिरतात. आणि नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. एकदा नाही म्हटलं की पुढं दहा वर्षं लग्नाच्या पंगतीत ते ऐकावं लागतं.

मी महादेवराव. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी केली, तिथल्याच कॉलनीत पोरं वाढवली, आणि रिटायर झाल्यावर प्रताप नगरात येऊन राहिलो. खोलीतून निघताना बटन बंद करणं ही माझी सवय. कुणी आत बसलेलं असलं तरी कधी कधी बंद होतं. स्टेशनवर पाण्याची बाटली मी विकत घेत नाही, घरून भरून नेतो. लोक मला चिंगूस म्हणतात. म्हणोत बापडे. एक दिवा लागायला किती कोळसा जळतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांनी नाही.

माझी बायको कामिनी. कॉलनीत तिनं वर्षानुवर्षं धुतलेल्या कपड्यांवरची राख झटकली आणि माझ्या मागं अंधारात चाचपडली. तिनं कधी काही मागितलं नाही. मग एकदा कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं म्हैसूरचा राजवाडा पाहिला. रविवारी संध्याकाळ झाली की त्यावर लाखभर दिवे एकदम लागतात म्हणे.

"मले एवढं एकदा पाहाचं आहे," ती म्हणाली. "फक्त तिथं जाऊन तुम्ही बटन शोधू नका म्हणजे झालं."

मी हसलो आणि तिकिटं काढली. शनिवारी बंगलोरला उतरायचं, रविवारी दुपारपर्यंत म्हैसूर गाठायचं, संध्याकाळी दिवे पाहायचे, सोमवारी परतीची गाडी. दिवे रविवारीच लागतात, मधल्या वारी नाही, म्हणून सगळा हिशेब त्या एका संध्याकाळवर बसवला होता.

आणि इथं कामिनीनं घात केला. तिनं इंदुताईला सांगितलं.

इंदुताई आमच्या समोरच राहतात. नवरा लवकर गेला. लोकांचे डबे करून एकुलत्या एक पोरीला, वैभवीला, इंजिनीयर केलं. पोरगी आता बंगलोरला मोठ्या कंपनीत आहे. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी इंदुताई पत्र्याचा भला मोठा डबा घेऊन हजर. तोंडावर जुन्या जांभळ्या लुगड्याचं फडकं, सुईदोऱ्यानं गच्च शिवलेलं.

"काही जास्त नाही भाऊ, कुरडया आहेत. तेवढ्या पोरीले देजा. तिले लहानपणापासून लय आवडतात."

कुरडया! लोणचं असतं तर बर्थखाली ढकललं असतं. कुरडईला बोट लागलं तरी तिचा चुरा होतो. तो डबा आडवा ठेवायचा नाही, त्यावर काही ठेवायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. मी कामिनीकडं डोळे वटारून पाहिलं, तर ती म्हणते, "मी पकडतो मांडीवर, तुम्ही कशाले काळजी करता?" तिचंही बरोबर होतं. एप्रिलच्या उन्हात, गच्चीवर, इंदुताईसोबत चीक घोटून साचा दाबायला हीच बसली होती. त्या बाईचे गुडघे वाकत नाहीत. ती स्टुलावर बसून घोटायची आणि ही खाली बसून घालायची. दोघींच्या हाताला फोड आले होते.

तर एक दिवस आणि एक रात्र तो डबा तान्ह्या लेकरासारखा मांडीवर बसून बंगलोरला गेला. मी पाण्याची बाटली विकत घेतली नाही, पण डब्याला खिडकीची जागा दिली.

शनिवारी लॉजवरून वैभवीला फोन लावला. "अरे वा काका! उद्या सकाळी दहाला या ना. मी घरीच आहे. पत्ता पाठवते." आवाज गोड होता. कामिनी खूश झाली. म्हणाली, पोरीला भेटू, चहा घेऊ आणि तिथूनच म्हैसूरची बस पकडू.

पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला. टॅक्सी करावी लागली. त्या टॅक्सीच्या पैशात माणसानं पोतंभर कुरडया विकत घेऊन त्या मजूर लावून तळून घेतल्या असत्या. मी हे बोललो, आणि कामिनीनं मला गप्प बसवलं. बरोबर दहाला आम्ही फाटकापाशी उभे होतो. आत वीस-वीस मजल्यांच्या इमारती, बाहेर सिक्युरिटीची काचेची खोली. गार्डानं आत फोन लावला. कुणी उचलला नाही. आम्ही लावला, तोही उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला: पाच मिनिटं काका.

ही पाच मिनिटं नेमकी कुठल्या पंचांगातली होती देव जाणे. आम्ही खोलीतल्या बाकड्यावर बसलो. लोक गाड्यांतून आत जात होते, बाहेर येत होते. त्यांची कुत्रीसुद्धा वर जात होती, आम्हाला मात्र परवानगी नव्हती. मी तीन वेळा म्हणालो, "ठेवू इथं अन् जाऊ." कामिनी म्हणाली, "पोट्टी येऊन राहिली म्हणते ना. इतक्या दूर आलो, हातात देऊन जाऊ. इंदुताई विचारतील कशी दिसते म्हणून."

ऊन डोक्यावरून कललं तेव्हा फोन वाजला. मागं गाणी चालू होती, लोक हसत होते.

"काका, सो सॉरी! मी ना कालच फ्रेंड्ससोबत बाहेर आले, वाटलं होतं सकाळी परत पोचेन. तुम्ही सिक्युरिटीकडे ठेवून द्या ना. मी घेईन."

मी काही बोलायच्या आत कामिनीनं माझा हात धरला. ती खोलीच्या कोपऱ्यात पाहत होती. तिथं लोखंडी मांडणीवर लोकांची पार्सलं ठेवलेली होती. सगळ्यात खाली, भिंतीला लागून, एक पत्र्याचा डबा. तोंडावर जांभळं फडकं, सुईदोऱ्यानं गच्च शिवलेलं.

"ये कब से है?" मी गार्डाला विचारलं.

"बहुत टाइम से है अंकल. मॅडम बोलती है, बाद में ले जाऊंगी."

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या यमुताईंचा जावई बंगलोरला आला होता, त्याच्या हाती इंदुताईंनी डबा पाठवला होता. तो हाच. कामिनी खाली बसली, फडक्याची एक बाजू उसवली आणि आत पाहिलं. कुरडयांना जाळी लागली होती, आत किडे फिरत होते. तिनं फडकं पुन्हा नीट दाबून बसवलं.

माझं डोकं फिरलं. फोन अजून चालूच होता. "वैभवी, तुह्या आईनं मागच्या वर्षी पाठवलेला डबा इथं सडून राहिला. खाली येऊन नेणं होत नाही का तुले?"

ती म्हणाली, "काका, इथे कोण तळतं हो ते? मी आईला कितीदा सांगितलं पाठवू नको म्हणून. ऐकतच नाही. तुम्ही तिला काही बोलू नका प्लीज, उगाच वाईट वाटेल. मी सांगते ना तिला, मिळालं म्हणून."

पोरीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. अरे, तळू नको! खाऊ नको! पण लिफ्टनं खाली ये, डबा उचल, वर ने आणि मग खुशाल कचऱ्यात टाक. तेवढंही नाही? मी नवा डबा उचलून रस्त्याकडं निघालो होतो. म्हटलं, म्हैसूरच्या माकडांना खाऊ घालीन. पण कामिनीनं तो माझ्या हातातून घेतला आणि मांडणीवर नेऊन ठेवला, जुन्या डब्याला लावून.

"तिच्या नावानं आला, तिच्या दारात राहू द्या," ती म्हणाली.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. बंगलोरची वाहतूक म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. बसस्टँडवर पोचलो तर पहिल्या दोन गाड्या भरलेल्या. तिसरीत जागा मिळाली, ती रस्त्यात हॉटेलवर थांबली, ड्रायव्हर सावकाश जेवला. कामिनी खिडकीतून सूर्य पाहत होती. तो खाली गेला आणि ती पाहायची थांबली.

राजवाड्यापाशी रिक्षा थांबली तेव्हा लोकांचा लोंढा बाहेर येत होता. पोरांच्या हातात चमकणारे चेंडू, बायांच्या हातात मोबाइल, त्यात नुकतेच काढलेले फोटो. फाटकाच्या जाळीतून राजवाड्याचा नुसता काळा आकार दिसत होता. नुकतेच दिवे मालवले होते.

"नेक्स्ट संडे," रखवालदार म्हणाला.

नेक्स्ट संडे! म्हणे नेक्स्ट संडे! मी त्याच्याशी भांडलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण मला कुणाशी तरी भांडायचं होतं. मग मी कामिनीला म्हणालो, "तिकीट रद्द करू. आठ दिवस राहू."

"आठ दिवस लॉजमधी? वेडे झाले का तुम्ही? किती खर्च होईन!" हे बोलणं ती माझ्याकडूनच शिकली होती, आता तोंड कुठं लपवू? ती जाळीला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चला, भूक लागली."

परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकलं. इंदुताईला सगळं सांगायचं. एक एक गोष्ट. जाळी, किडे, गाणी, पाच मिनिटं, सगळं. बाईनं यापुढं हाताला फोड आणून घेऊ नये, आणि पोरीला कळावं की आई काय असते. तोंडातून शब्दांची उजळणी चालली होती माझी.

घरी येऊन बॅगा उतरवत नाही तोच इंदुताई रस्ता ओलांडून आल्या. चेहरा फुललेला.

"अवं कामिनी, वैभवीचा फोन आलता काल! म्हणे, काका-काकूले मी माह्या गाडीनं म्हैसूरले नेलं, दिवे दाखवले. अन् रात्री सगळ्यांनी मिळून कुरडया तळून खाल्ल्या म्हणे. खरं का वं?"

माझ्या हातातली बॅग खाली पडली. अशी थाप! आमचाच रविवार खाऊन वर तो आम्हाला भेट दिला म्हणून सांगितलं! मी तोंड उघडलं. "इंदुताई, ऐका..."

"आधी पूर्ण अंधार होता, इंदुताई," कामिनी म्हणाली.

मी तिच्याकडं वळून पाहिलं.

"माणसाले माणूस दिसत नव्हता. मी म्हटलं, आता काही लागत नाही. अन् एकदम! एकेक नाही वं, सगळेच्या सगळे. घुमट, कमानी, खालचे खांब, सगळं सोन्यासारखं. समोर बँड वाजून राहिला होता. लेकरं ओरडून राहिली होती. माह्या साडीवर उजेड पडला होता, जरीकाठ दिसत होता एवढा उजेड."

ती हे सगळं माझ्याकडं न पाहता सांगत होती. हात वर करून घुमट दाखवत होती. मी इतकी वर्षं या बाईसोबत राहिलो, तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. इंदुताईला वाटलं आनंदानं भरले.

"अन् वैभवी?" इंदुताईंनी विचारलं.

"ती होती ना बाजूले," कामिनी म्हणाली आणि बॅग उचलून आत गेली.

आता मी आणि इंदुताई तेवढे उरलो. त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं, जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाले विचारतो. पोरगी बरी वागली ना गा तुमच्यासंग? फोनवर माह्याशी कधी कधी लयच घाईत रायते. म्हणून वाटते, लोकांशी कशी वागत असन."

रेल्वेत घोकलेलं सगळं जिभेवर तयार होतं. समोर ती बाई माझ्या तोंडाकडं पाहत उभी होती.

"लय बरी वागली," मी म्हणालो. "सोडाले स्टेशनपर्यंत आली होती."

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं, ते मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. इंदुताईंनी मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि हळूहळू रस्ता ओलांडून घरी गेल्या. मी दारातच उभा राहिलो. त्या पोरीवरचा माझा राग जराही उतरला नव्हता, आणि तिच्या आईसमोर तिची बाजू मी तिच्याहूनही चांगली राखली होती.