ट्राउटवर बसलेला पक्षी

नदी भरलेली असते तेव्हा माझं भागतं. सदतीस वर्षं कुरालेऊ नदीच्या काठावर गाइडगिरी केली, कुठल्या खळग्यात ट्राउट उभा असतो ते झोपेतही सांगेन. पण उन्हाळा उतरणीला लागला, की पाणी घोट्याशी येतं, नितळ होतं, आणि मासे आपली जुनी घरं सोडून भलतीकडेच जाऊन बसतात. मग गाइडनं आधी मासा बघायचा आणि पाहुण्याला दाखवायचा. बघायचा! तिथंच तर बोंब होती. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या डोळ्यांसमोर सगळं धुक्यात असल्यासारखं दिसत होतं. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात कोर्दोबाच्या एका गृहस्थाला मी चाळीस मिनिटं एका दगडावर गळ टाकायला लावलं. त्यानं तक्रार केली. लॉजची मालकीण एर्सिलिया मला म्हणाली, "एवारिस्तो, आणखी एक तक्रार आली, तर तुमची नदी बंद. मागच्या अंगणात बसून मांस भाजायचं."

मी आणि मांस भाजणार! नदी सुटली तर मी करू काय, उरलेला जन्म कोकराच्या तंगड्या उलटत बसू?

आज माझ्याबरोबर ओफेलियाबाई होत्या. बुएनोस आयरेसच्या निवृत्त न्यायाधीश, आठ वर्षं दर फेब्रुवारीत, आमच्याकडचा उन्हाळा सरता सरता, येतात. मी त्यांना जजबाई म्हणतो. काठावर बसून दोघांनी एका नळीनं मातेचा गरम गरम कडू चहा ओढला आणि वाकून, सावली पाण्यावर पडू न देता, वाळुंजाच्या झाडांपाशी गेलो. या दिवसांत वाळुंजाच्या पिवळ्या अळ्या पाण्यात टपाटप पडतात. ट्राउट खाली तोंड उघडून उभेच असतात.

मी डोळे ताणले. काहीतरी काळसर, लांबट दिसलं.

"जजबाई, तिसऱ्या झाडाखाली, सावलीच्या कडेला. केवढा आहे! दिसतोय?"

"दिसतोय की!"

त्यांनी गळाची काठी फिरवली. केसासारखा बारीक तंगूस, टोकाला पिवळ्या दोऱ्याची नखाएवढी नकली अळी. अशी अलगद टेकली, की तरंगसुद्धा उठला नाही. मासा ढिम्म. पुन्हा टाकली. ढिम्म. तासभर हेच.

"हट्टी आहे मेला," मी म्हणालो.

"बघतोय माझ्याकडे," जजबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक लांब चोचीची बंदुरिया केकाटत उतरली आणि आमच्या ट्राउटवर जाऊन उभी राहिली. दोन्ही पायांवर. वर पंख साफ करायला लागली.

एवढा मोठा पक्षी मलाही दिसला. मासा कसला, बुडालेला ओंडका होता तो. संपलं, म्हटलं, लागा आता कोळसे पेटवायला.

"जजबाई, माफ करा. मला दिसत नाही. हिवाळ्यापासून दिसत नाही. तुम्ही 'दिसतोय' म्हणालात, म्हणून मला वाटलं खरंच असेल."

जजबाईंचे खांदे हलायला लागले. हसत होत्या! हसता हसता डोळे पुसत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"अहो एवारिस्तो, आठ वर्षांत तुम्ही पाण्यात दाखवलेला एकही मासा मला दिसलेला नाही."

"एकही नाही?"

"एकही. तुम्ही बोट दाखवायचात, मी तिकडे टाकायची."

"मग 'दिसतोय' का म्हणायचात?"

"लाज वाटायची हो! तीस वर्षं साक्षीदारांना दटावलं, खरं बोला म्हणून. आणि इथं येऊन पहिल्याच दिवशी खोटं बोलले. मग पुढे बदलता येईना."

छातीवरचं ओझं उतरलं माझ्या. किती दिवसांनी पोटभर हसलो. हसून दमलो आणि गप्प झालो, तेव्हा डाव्या हाताला आवाज आला. चप्. थोड्या वेळानं पुन्हा, चप्.

"ऐकलंत?" मी कुजबुजलो.

"ऐकलं." या वेळी त्या खरं बोलत होत्या.

त्यांनी आवाजावर अळी सोडली. चप् झालं आणि काठी वाकली. पाणी कोमट व्हायला लागलं होतं, त्यात मासा दमून मरतो, म्हणून फार न खेळवता जवळ ओढला. हातभर लांब, तपकिरी. इतक्या जवळून दोघांनाही दिसला. पाण्यातच धरून गळ काढला, दम खाऊ दिला आणि सोडून दिला.

दुपारी लॉजवर आल्या आल्या मीच एर्सिलियाला गाठलं. "मला दिसत नाही," म्हटलं, आणि मान खाली घातली.

"हे तुमच्या तोंडून ऐकायला मी नाताळापासून थांबलेय," ती म्हणाली. "नाताळात माझ्या घोड्याला तुम्ही 'या, पाद्रीबाबा' म्हणालात. मोतीबिंदू आहे तो, दुसरं काय! मे महिन्यात मासेमारीचा हंगाम संपून नदी बंद झाली, की ऑपरेशन. तोवर फक्त जजबाईंना न्यायचं. नोव्हेंबरात नदी उघडली, की तुमचे पाहुणे तुम्हाला."

"आणि मांस?"

"तुम्हाला मांस भाजायला बसवून घर जाळून घेऊ?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"एक सांगून ठेवते," जजबाई बूट काढता काढता म्हणाल्या. "डोळे बरे झाले, की मासा कुठे आहे तेवढं सांगा. 'दिसतोय?' म्हणून विचारलंत, तर खबरदार!"